चौदाव्या मजल्यावरून खाली

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे वाडवडील सांगून गेले आहेत. ही दोन्ही कामे मी केली. लग्न एकदा झाले, घर दोनदा घेतले. पण या म्हणीला तिसरा तुकडा जोडायला वाडवडील विसरले, असे मी आता अनुभवाने म्हणते. तो तुकडा म्हणजे ‘घर पाहावे विकून’. दिवाळीच्या अंकात पैशांचे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीपूजनाच्या सणाला हिशेबाची वही पुढे घ्यायचीच असते, तेव्हा आमच्याही घरची वही आज वाचकांपुढे उघडते.

आमचे बिऱ्हाड मूळचे गिरगावातले. चाळीत दोन खोल्या, पुढे सामायिक गॅलरी आणि पाणी ठरल्या वेळेला. सासरे गेल्यावर ती पागडीची जागा आम्ही सोडली. भावजींचा वाटा त्यांना दिला. सासूबाईंच्या हाती आलेले १५ लाख, यांच्या प्रॉव्हिडंट फंडातले ६ लाख आणि माझ्या दागिन्यांचे ४ लाख, अशी २५ लाखांची पुंजी जमली. वर बँकेचे ६० लाख कर्ज काढून २०१२ साली आम्ही ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर ८५ लाखांचा फ्लॅट घेतला. चौदावा मजला, झोपायच्या तीन खोल्या आणि गॅलरीतून दिसणारे येऊरचे डोंगर! सासूबाईंना आयुष्यात प्रथमच स्वतःची खोली मिळाली. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येक चाळकरणीला त्यांनी ती खोली हाताला धरून दाखवली. गॅलरीत त्यांच्यासाठी पितळी कड्यांचा झोपाळा टांगला. त्या दिवशी आमच्या घरात माझ्यासह कोणाचेही पाय जमिनीवर नव्हते.

कर्जाचा दर होता साडेदहा टक्के, मुदत २० वर्षे आणि हप्ता ५९,९०० रुपये. आता एक गंमत पाहा. पहिल्या महिन्याच्या या हप्त्यातले ५२,५०० रुपये व्याजात गेले आणि मुद्दलातून फिटले जेमतेम ७,४००. हा हिशेब बँकेने लपवला होता असे नाही. तक्ता छापून दिलेला होता. आम्हीच तो किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर खणात टाकला आणि खण लावून घेतला.

पुढे २०१८ मध्ये सासूबाईंच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया निघाली. त्याच सुमारास यांच्या एका मित्राने धंद्यात भागी देऊ केली. दोन्हींसाठी मिळून त्याच घरावर आणखी १५ लाख काढले. गुडघे बरे झाले, धंदा काही बरा झाला नाही. मग २०२० साल उजाडले. मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ता थांबवण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने देऊ केली. यांचा पगार अर्धा झाला होता, म्हणून आम्ही ती घेतली. हप्ता थांबला, पण व्याज थांबले नव्हते. ते गुपचूप मुद्दलाच्या पंगतीला जाऊन बसले. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात बँकेचा उतारा पाहिला तर शिल्लक कर्ज ६१ लाख! दहा वर्षे आम्ही भरत होतो, आणि कर्ज साठाचे एकसष्ट झाले होते.

तरीही यांचा धीर सुटला नव्हता. दर तेव्हा सात टक्क्यांवर उतरला होता. हप्ता साधारण साठ हजारांचा, अजून १३ वर्षे. म्हणजे २०३५ साली, हे साठाव्या वर्षी निवृत्त होतील त्याच साली, कर्ज फिटणार होते. “हारतुरे आणि बँकेचा दाखला एकाच दिवशी घेईन,” असे हे म्हणत.

ते काही व्हायचे नव्हते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. आमच्या कर्जाचा दर त्याच्या शेपटाला बांधलेला. तोही सातावरून साडेनवावर गेला. हप्ता मात्र बदलला नाही. मला वाटले, बँक दयाळू आहे. मार्च महिन्यात पत्र आले तेव्हा कळले की बँकेने हप्त्याऐवजी मुदत वाढवली होती. २०३५ मध्ये संपणारे कर्ज आता २०३९ मध्ये संपणार होते. म्हणजे हे ६४ वर्षांचे होईपर्यंत. निवृत्तीनंतरची चार वर्षे हा हप्ता कोण भरणार, हे त्या पत्रात लिहिलेले नव्हते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी लेकीची जुनी वही घेतली आणि गुणाकार मांडला. महिना ६० हजार, आणखी १६ वर्षे. उत्तर आले १ कोटी १५ लाख. फेडायचे होते ५९ लाख. मी वही यांच्यापुढे सरकवली आणि म्हटले, “अहो, हे घर विकू या.”

हे कितीतरी वेळ वहीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “व्याजावर करात सूट मिळते, ते विसरू नकोस.”

सूट मिळत होती हे खरे. तेव्हाच्या जुन्या कररचनेत राहत्या घराच्या व्याजापैकी वर्षाला २ लाखांपर्यंतची रक्कम उत्पन्नातून वजा होई. पण तीस पैसे वाचावेत म्हणून रुपया खर्च करण्यातला हा शहाणपणा मला कधी उमगला नाही. मी तसे बोलून दाखवले. मग यांनी खरे कारण सांगितले. “लोक काय म्हणतील? ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे मी कुठे राहतो ते.” आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे तोंड करून, “बापाला दोन खोल्यांतून बाहेर पडता आलं नाही. मी पडलो, आणि आता परत...”

पुढचे वाक्य पुरे झाले नाही. मीही पुरे करायला लावले नाही. पण गेली पाच वर्षे हे रात्री दोन-दोनदा उठून पाणी पीत आणि गॅलरीत जाऊन उभे राहत, हे मला माहीत होते. रविवारी ऑफिसातून फोन आला की हे पानावरून उठत. अंगात ताप असला तरी रजा घेत नसत. साहेब चारचौघांत काय बोलत ते हे मला सांगत नसत, पण घरी आल्यावर बूट काढायला लागणाऱ्या वेळावरून मी ओळखत असे.

भावजींचा सल्ला न मागता आला. “दादा, जागा कधी विकू नये. भाव वाढतच जातात.” भाव वाढले होतेच. पण आपण राहतो त्या घराचा भाव वाढला म्हणजे काय होते? ते विकल्याशिवाय त्यातली पै हाती लागत नाही, आणि विकून तेवढेच घर घ्यावे तर त्याचाही भाव तितकाच वाढलेला असतो. वाढीचा फायदा घ्यायचा तर एक पायरी खाली उतरावी लागते. भावजींना मी चहा दिला आणि विषय बदलला.

आता जे सांगायचे ते सांगताना मला अजून लाज वाटते. हे शेवटी कबूल झाले, लेकीला आम्ही विश्वासात घेतले, एजंटला कळवले, पण सासूबाईंना सांगितले नाही. ‘योग्य वेळ पाहून सांगू’ असे रोज ठरे आणि रोज वेळ अयोग्य निघे. एका रविवारी सकाळी एजंट फोन न करताच एक नवरा-बायको घेऊन आला. बाईंनी सगळे घर पाहिले, आणि सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभ्या राहून नवऱ्याला म्हणाल्या, “ही भिंत पाडली की हॉल छान मोठा होईल.”

सासूबाई गॅलरीत झोपाळ्यावर बसल्या होत्या. झोपाळा थांबला.

मंडळी गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. रागावल्या नाहीत. एवढेच विचारले, “माझे पंधरा लाख या घरात आहेत ना गं?”

“आहेत आई.”

“मग मला विचारावंसं वाटलं नाही?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतेच बोलल्या. यांच्याशी तेवढेही नाही. बँकेचे कर्ज कागदावर लिहिलेले असते, म्हणून आम्ही त्याला भीत होतो. आईचे कर्ज कोणी लिहून ठेवले नव्हते, म्हणून आम्ही ते खुशाल विसरलो होतो. नवव्या दिवशी मी ती हिशेबाची वही त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा लावून त्यांनी एकेक आकडा वाचला. चौथीपर्यंत शिकलेल्या असल्या तरी भिशीचे हिशेब त्यांनी चाळीस वर्षे सांभाळले आहेत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, “वाण्याची उधारी इतकी झाली असती तर तुझ्या सासऱ्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.” आणि मग, “नवीन जागेत माझी खोली कुठली?”

मी खरे तेच सांगितले. त्यांना स्वतंत्र खोली नसणार होती. नातीबरोबर राहावे लागणार होते. त्या काही बोलल्या नाहीत. वही परत दिली आणि देवापुढे जाऊन बसल्या. ती होकाराची खूण आहे असे आम्ही आमच्या सोयीने धरले.

फेब्रुवारी २०२४ मध्ये घर १ कोटी ६५ लाखांना गेले. ज्या वाचकांना या वाटेने जायचे असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवते. बदलत्या दराचे गृहकर्ज मुदतीआधी फेडले म्हणून व्यक्तीकडून दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना मनाई केली आहे. तेव्हा ती भीती मनात ठेवू नये. किंमत ५० लाख वा त्याहून अधिक असली की घेणारा एक टक्का रक्कम कर म्हणून कापून सरकारात भरतो. आमचे असे १ लाख ६५ हजार अडकले, आणि विवरणपत्र भरल्यावर परत आले. विक्रीच्या नफ्यावरचा करही आम्हांला लागला नाही. तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे विक्रीच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर विकत घेतले, तर नफ्याची जी रक्कम त्यात घातली तिच्यावर कर नव्हता. महाराष्ट्रात २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळू लागली, म्हणून नवे घर माझ्या एकटीच्या नावे घ्यायचे माझ्या मनात होते. पण वकील म्हणाले, ज्याच्या नावे नफा त्याच्या नावे नवे घर असलेले बरे. याबाबत न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत. सवलत सोडली आणि पूर्वीसारखीच दोघांची नावे लावली.

कर्ज फिटले तो प्रसंग मी मनात पुष्कळ रंगवला होता. बँकेचा माणूस घराचे कागद सन्मानाने हाती देईल, हे ते कपाळाला लावतील, वगैरे. प्रत्यक्षात घेणाऱ्याच्या बँकेने ५७ लाख आमच्या बँकेला दिले आणि आमच्या बँकेने कागद त्या बँकेला दिले. ज्या कागदांसाठी आम्ही बारा वर्षे घाम गाळला ते एका तिजोरीतून निघून दुसऱ्या तिजोरीत गेले. आम्हांला मिळाला कर्ज फिटल्याचा एक पानी दाखला. हे तो घेऊन घरी आले, बूट चटकन काढले आणि दुपारी तीन वाजता झोपले ते रात्री नऊला उठले.

उरलेल्या १ कोटी ८ लाखांत आम्ही डोंबिवलीला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर जागा घेतली. जागेचे ७२ लाख, मुद्रांक शुल्काचे पाच, आणि नोंदणी, दलाली, रंगरंगोटी, नळजोडणी, सामानाची ने-आण मिळून आणखी आठ. राहिले २३ लाख. त्यातले १५ लाख सासूबाईंच्या नावे मुदतठेवीत टाकले. ही माझी सूचना होती, आणि या सगळ्या व्यवहारात माझ्या हातून घडलेली तीच एक शहाणपणाची गोष्ट.

लहान घरात गेल्याने सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही. नवी जागा ५४० चौरस फूट, जुनी होती ८८०. सामान कमी करताना लेकीने तिची पुस्तके दिली, मी जेवणाचे टेबल दिले, यांनी आरामखुर्ची दिली. झोपाळ्याची फळी घेणाऱ्यांना देऊन टाकली. सासूबाईंनी पितळी कड्या तेवढ्या काढून घेतल्या. नव्या घरात झोपाळा टांगण्याजोगी जागा नाही, त्यामुळे कड्या अजून ट्रंकेत आहेत. दर महिन्याला त्या चिंचेने घासतात आणि पुन्हा ठेवून देतात. ते पाहिले की मी स्वयंपाकघरात निघून जाते. येऊरचे डोंगर गेले, खिडकीतून समोरच्या बिऱ्हाडाची दोरी दिसते. सकाळची डोंबिवलीची गाडी काय चीज आहे ते तिने प्रवास करणाऱ्यांना सांगायला नको. माझी शाळा ठाण्यातच असल्याने मी आता रोज बायकांच्या डब्यात उभी असते. आजीला पहाटे चारला जाग येते आणि नात रात्री एकपर्यंत दिवा जाळते, म्हणून पहिले दोन महिने त्या खोलीत रोज एक खटला चालू असे.

पण पूर्वी ऑफिसातून निघून ठाणे स्टेशनवर उतरल्यावर घोडबंदरच्या बसमध्ये यांचा पाऊण तास जाई, तो वाचला. जुन्या सोसायटीला महिना साडेसात हजार देत होतो. त्यात एक पोहण्याचा तलाव होता, ज्यात आमच्यापैकी कोणी बोटही बुडवले नाही. आता अठराशे देतो. साठ हजारांचा हप्ता गेला, पण ते पैसे उधळू नयेत म्हणून त्यातले तीस हजार महिन्याच्या पहिल्या तारखेलाच म्हातारपणासाठी बाजूला पडतात, दहा हजार लेकीच्या शिक्षणासाठी. उरलेल्यात घर पूर्वीपेक्षा सैल चालते.

आणि जूनमधल्या एका शनिवारी हे दिवेलागणीच्या आत घरी आले. हातात फणसाच्या गऱ्यांचा पुडा होता. चहा घेता घेता सहज सांगावे तसे म्हणाले, “आज साहेबांना सांगितलं, उद्या रविवार आहे, मी येणार नाही.”

“मग?”

“मग काही नाही. ‘बरं’ म्हणाले.”

हे ‘बरं’ बारा वर्षे तिथेच पडून होते. मागायची हिंमत नव्हती एवढेच. नोकरी आजही तीच आहे, साहेबही तेच आहेत. नोकरी जाण्याची भीती अजिबात उरली नाही असेही नाही. पण पहिल्या तारखेची भीती गेली, आणि हे आता रात्री पाणी प्यायला उठत नाहीत.

प्रत्येकाने उठून घर विकावे असे माझे म्हणणे मुळीच नाही. ज्यांचे कर्ज थोडे राहिले आहे, ज्यांच्या घरात लग्नाची मुले आहेत, त्यांचा हिशेब निराळा येईल. मी इतकेच म्हणेन, की खणात टाकलेला तो तक्ता एकदा बाहेर काढावा आणि शेवटचा हप्ता कोणत्या साली, आपल्या वयाच्या कितव्या वर्षी पडतो ते पाहावे. आणि वही उघडायची ती घरातल्या सगळ्यांसमोर, वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून.

२०२४ ची दिवाळी ही आमची डोंबिवलीतली पहिली. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून लेक मैत्रिणींबरोबर फडके रोडवर गेली. दिवाळीच्या पहाटे तिथे तरुण मुलामुलींची जी गर्दी लोटते, ती डोंबिवलीची प्रथाच आहे. तासाभराने ती परत आली आणि आजीला म्हणाली, “आजी, चल, तुला दाखवते.” ठाण्याला चौदाव्या मजल्यावरून कधी खाली न उतरणाऱ्या सासूबाई नऊवारी नेसून नातीचा हात धरून निघाल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या गुडघ्यांनी तक्रार मांडली होती, पण तोंडाने मात्र गिरगावातल्या दिवाळीच्या गोष्टी दुपारपर्यंत चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाची तयारी करताना मी पाटावर वही, चांदीचे नाणे आणि केरसुणी मांडली. सासूबाई म्हणाल्या, “या घराचा कागद कुठाय?”

खरेदीखत आमच्याच कपाटात होते. गहाण नाही, तारण नाही. हे ते घेऊन आले. सासूबाईंनी ते पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या. यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, “तुझ्या वडलांना कधी कोणाचं देणं नव्हतं. आता तुलाही नाही.”

यांना काही बोलता येईना. सासूबाईंनाही येईना. मग त्यांनीच डोळे पुसले, माझ्याकडे वळून चष्मा नीट केला आणि बजावले, “आणि हे बघ, पुन्हा कधी घर विकायचं मनात आलं, तर आधी मला विचारायचं!”